आतलं नाव

आमच्या कारखान्याचं पाळणाघर यंत्रघराच्या मागच्या भिंतीला लागून आहे. पूर्वी तिथे रिकामी खोकी ठेवत. 'तात्पुरतं आहे, दोन वर्षांत नवीन बांधू,' असं साहेब म्हणाले होते, त्याला आता चार वर्षं झाली. भिंत चांगली जाड आहे, पण तिच्यात वर, छताच्या जरा खाली, हवेसाठी एक झडप ठेवलीय. झडपेपलीकडे जुन्या थंड खोलीचा माळा येतो आणि त्या माळ्यावर अमोनियाचे सगळे व्हॉल्व्ह आहेत. बाळंतपणाची रजा संपवून आले त्या दिवशी मी लेकीला घेऊन पाळणाघरात पाऊल टाकलं आणि आधी वर बघितलं.

पाळणाघरातल्या मावशी म्हणाल्या, "बाकीच्या आया मूल झोपणार कुठे ते बघतात. ह्या छत बघतात!"

लेकीला आम्ही ढब्बू म्हणतो. महिनाभर आधी जन्मली तेव्हा ओंजळीत मावायची, म्हणून चिडवायला ठेवलेलं नाव. आता खरंच ढब्बू झालीय. पण सवय काही जात नाही. ती झोपली की मी तिच्या छातीकडे बघत बसते. वर, खाली, वर. सासूबाई म्हणतात, "अगं, तू बघितलं नाहीस तरी ती श्वास घेणारच आहे." मला ते कळतं. तरी बघते.

कारखान्यात मला सायरन म्हणतात. समोर 'मॅडम', मागे 'सायरन', आणि मावशी तेवढ्या तोंडावर 'सायरनबाई'. परतल्यापासून पाच महिन्यांत मी दोनदा काच फोडून लाल बटण दाबलं होतं. एकदा ती धुलाईच्या खोलीतली वाफ निघाली. दुसऱ्यांदा रंगाऱ्याने टर्पेंटाईन सांडलं होतं. दोन्ही वेळा पावणेदोनशे माणसं काम टाकून गेटपाशी उन्हात उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. दुसऱ्या वेळेनंतर साहेबांनी केबिनमध्ये बोलावून एका कागदावर माझी सही घेतली. तिसऱ्यांदा विनाकारण असं झालं, तर माझी बदली शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कचेरीत. तिथे पाळणाघर नाही. म्हणजे बदली कसली, घरीच बसा म्हणायची सभ्य पद्धत.

त्या दिवशी नव्या थंड खोलीत पहिल्यांदा गॅस सोडायचा होता. साडेबाराला. त्याच्या आत नव्या खोलीचा सूचक चालू करून द्यायचं काम माझं.

सूचक म्हणजे डब्यासारखं एक छोटं यंत्र. हवेत अमोनिया किती आहे, ते दर दोन सेकंदांनी सांगतं. ते ऐकायला सर्व्हरवर एक प्रोग्रॅम असतो. त्याला खिडकी नाही, बटणं नाहीत. मशीन चालू झालं की तो आपला आपण उठतो आणि समोर कुणी बसलेलं असो की नसो, मागच्या मागे काम करत राहतो. अशा प्रोग्रॅमला सर्व्हिस म्हणतात. आकडा पंचवीसच्या वर गेला की हीच सर्व्हिस भोंगा वाजवते. जुन्या माळ्यासाठी एक सर्व्हिस सहा वर्षं बिनबोभाट चालू होती. आता त्याच सर्व्हरवर नव्या खोलीसाठी दुसरी बसवायची होती.

माझ्या आधी हे काम मास्तर बघत. शाळेत ते कधी शिकवत नव्हते, पण चहा कसा ढवळावा इथपासून सगळं समजावून सांगायची खोड, म्हणून मास्तर. निवृत्त होताना त्यांनी सर्व्हरच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला होता. वळणदार अक्षर, लाल शाईने अधोरेखित केलेलं. सर्व्हिसला नाव देताना मध्ये जागा सोडू नये, सलग लिहावं. कंस, टिंबं, अवतरणं नकोत. एका मशीनवर एका नावाची एकच. आणि सगळ्यांत खाली, 'अडलं तर माझी फाईल चालवा, ती सगळं करते.'

आमच्याकडे सगळे तीच फाईल चालवत. सर्व्हिस अडकली, बंद पडली, मशीन बदललं, काहीही होवो. मास्तरांच्या फाईलवर दोनदा टिचकी मारायची, काळ्या खिडकीत भराभर ओळी पळायच्या आणि सर्व्हिस ठणठणीत उभी राहायची. ती आत नेमकं काय करते, हे कधी कुणी बघितलं नाही. मीही नाही.

मी फाईल उघडली. पहिल्याच ओळीत नाव होतं, 'अमोनिया सूचक जुना माळा'. ते खोडून मी 'अमोनिया सूचक नवी खोली' केलं. करताना एक गोष्ट डोळ्यांना खटकली, हे मला आज शपथेवर सांगता येईल. नावात जागा सोडायची नाही असं मास्तरांनीच लिहिलंय आणि त्यांच्याच नावात तीन ठिकाणी जागा सोडलीय. मी मनात म्हटलं, नियम असेल सैल. सहा वर्षं चालतंय ना. खालच्या ओळीत नव्या सूचकाचा पत्ता घातला आणि फाईल चालवली. अकरा बेचाळीस. काळी खिडकी आली, ओळी पळाल्या, गेली. सर्व्हिसच्या यादीत 'नवी' असं शोधलं. 'अमोनिया सूचक नवी खोली', चालू.

साहेब दारातूनच म्हणाले, "झालं?"

"झालं."

"बघा बरं. नाहीतर गॅस सोडला की तुम्ही धावाल काच फोडायला."

भिंतीवरच्या पडद्यावर आता दोन ओळी होत्या. जुना माळा, चार. नवी खोली, शून्य. वर कोपऱ्यात हिरवा दिवा. हा दिवाही मास्तरांचाच. दर मिनिटाला तो सर्व्हरला विचारतो, सर्व्हिस चालू आहे ना? हो म्हटलं की हिरवा, नाही म्हटलं की लाल. असाच एक पडदा गेटवरच्या चौकीत आहे.

साडेबाराला फिटरकाकांनी गॅस सोडला. ते नव्या खोलीत मुखवटा लावून उभे होते आणि वॉकीटॉकीवर त्यांचा आवाज पिंपातून आल्यासारखा येत होता. "सोडतोय. पाव फेरा. काय दिसतंय मॅडम?"

"एक. दोन. परत एक."

"वा. अर्धा फेरा."

"दोन. एक."

साहेब माझ्या मागे हाताची घडी घालून उभे. आम्ही दोघं नव्या खोलीची ओळ बघत होतो. सगळे तीच बघत होते. नवीन सून घरात आली की जुन्या माणसाकडे कोण बघतं! वीस मिनिटं झाली. आकडा दोनच्या वर जाईना. साहेबांनी घडी सोडली. "चला. जेवून घेतो."

तेव्हा माझी नजर वरच्या ओळीवर गेली. जुना माळा, चार.

मी बघत राहिले. चार. पुन्हा चार. दहा सेकंद गेले, वीस गेले. चार.

हवा अशी नसते. मी पाच महिने हा पडदा बघतेय. तो आकडा कधी एका जागी बसत नाही. तीन होतो, चार होतो, कुणी खालचं दार उघडलं की पाच, परत तीन. वर, खाली, वर. आत्ता तो हलत नव्हता. ओळीच्या खाली बारीक अक्षरांत शेवटच्या नोंदीची वेळ असते, ती वाचायला मी पडद्याला नाक लावलं.

अकरा बेचाळीस.

"साहेब, थांबा."

"काय आता?"

"जुना माळा ऐकू येत नाहीये."

त्यांनी वर बघितलं. "दिवा हिरवा आहे की."

दिवा हिरवा होता. मी यादीत 'जुना' शोधलं. काही नाही. 'अमोनिया' शोधलं. एकच ओळ, नवी खोली. जुनी सर्व्हिस बंद नव्हती पडली, ती नव्हतीच. मी मास्तरांची फाईल परत उघडली आणि या वेळी पहिल्या दोन ओळींवर न थांबता खालपर्यंत गेले. खाली आणखी एक नाव होतं. 'अमोनियासूचक'. सलग, एका शब्दात, नियमाप्रमाणे.

सर्व्हिसला दोन नावं असतात. एक माणसांना यादीत दिसायला, लांबलचक, कसंही लिहा. दुसरं आतलं, मशीन ओळखतं ते. मास्तरांचे सगळे नियम त्या आतल्या नावासाठी होते. मी बदललं होतं ते बाहेरचं. आणि आतल्या नावाच्या वर मास्तरांनी एक ओळ लिहिली होती, या नावाची सर्व्हिस आधी असेल तर ती काढून टाक, मग नवीन बसव. एवढी वर्षं म्हणूनच ती फाईल सगळं दुरुस्त करत होती. आज तिने जुन्या माळ्याचा पहारेकरी उचलून बाहेर टाकला, त्याच्या जागी, त्याच्याच नावाने, नव्या खोलीचा बसवला. आणि दिवा दर मिनिटाला विचारत होता, 'अमोनियासूचक आहे का?' आतून कुणीतरी 'हजर' म्हणत होतं. कॉलेजात मागच्या बाकावरून आम्ही मैत्रिणींची हजेरी लावायचो, अगदी तसं.

"साहेब, एक तास अकरा मिनिटं जुन्या माळ्यावर कुणी नाहीये. मी काढून टाकलं. माझ्याकडून झालंय."

साहेबांनी दार लोटून घेतलं. "परत बसवायला किती वेळ?"

"पाच मिनिटं."

"मग बसवा. पाच मिनिटांसाठी बोंब कशाला मारायची?"

"आज त्याच पाइपावर काम झालंय. नवी जोडणी जुन्या व्हॉल्व्हमधूनच काढलीय. पाळणाघराची झडप—"

"माहितीये मला झडप. वास आलाय कुणाला?"

"माळ्यावर असतंच कोण वास घ्यायला?"

"हे बघा," त्यांनी आवाज खाली आणला, आणि ओरडले असते तर बरं असं मला वाटलं. "आज मालक येणारेत तीनला. तुम्ही सही केलेला कागद माझ्या खणात आहे. मला तो काढायचा नाहीये. तुमचं मूल लहान आहे, मला कळत नाही का? बसवा गुपचूप. आकडा चारच दिसेल, तुम्हाला शांत वाटेल, मला जेवता येईल."

ते बरोबरच म्हणत असतील, असं मला वाटलं. खरंच वाटलं. दोनदा मी चुकलेली होते. माझ्या भीतीला आता माझ्याच घरात किंमत नव्हती. पाच मिनिटं. पण एक वाजत आला होता. पाळणाघरात यावेळी सगळी झोपलेली असतात, झडपेखालच्या भिंतीशी ओळीने, कारण तिथे गार लागतं. ढब्बू डावीकडून तिसरी.

मी फोन उचलला. साहेबांनी हात पुढे केला, पण फोनवर ठेवला नाही, हवेतच धरला.

"मावशी, पोरांना घेऊन बाहेर जा. गेटकडे. आत्ता."

"सायरनबाई," पलीकडून जांभई देत आवाज आला, "आत्ता कुठे शेवटचं झोपलंय. तुमचीनेच तासभर नाचवलंय मला. बारा आहेत बारा! भोंगा झालाय का?"

"नाही झाला."

"मग? परत वाफ?"

"मावशी, भोंगा वाजणारच नाही. मी तो चुकून बंद केलाय. सकाळपासून बंद आहे. माळ्यावर गॅस असला तरी कुणाला कळणार नाही, असं करून ठेवलंय मी. चूक माझी आहे. तुम्ही आधी बाहेर पडा, मग मला काय बोलायचं ते बोला."

मावशी फोनपासून दूर, कुणाला तरी म्हणाल्या, "ए, उचल गं ती दोघं. चादरीसकट उचल." आणि फोन न ठेवताच गेल्या. मला एक रडणं ऐकू आलं, मग दुसरं. तिसरं ढब्बूचं. ते मी कुठेही ओळखेन.

साहेबांनी हात खाली घेतला. "झालं समाधान?"

मी फाईलची दुसरी प्रत केली. जुनी सर्व्हिस काढून टाकणारी ओळ आधी खोडली. बाहेरचं नाव, जुना माळा. आतलं नाव, 'जुनामाळा'. सलग, एका शब्दात, या मशीनवर दुसऱ्या कुणाचं नसलेलं. सूचकाचा पत्ता मास्तरांच्या कागदावर होता, चार आकडी. घाम आलेल्या बोटांनी तो दोनदा चुकला. फोनमधून आता रडणं येत नव्हतं, नुसती रिकामी खोली येत होती. तिसऱ्यांदा बरोबर टाकला. चालवली.

काळी खिडकी. ओळी. गेली.

पडद्यावर वरचा चार थरथरला आणि गेला. क्षणभर तिथे काहीच नव्हतं. मग आकडा आला.

एकोणचाळीस.

"हे काय आहे?" साहेब म्हणाले.

बेचाळीस.

आणि भोंगा सुरू झाला. कपाटाच्या काचा त्याने थरथरतात हे मला माहीत नव्हतं. मागच्या दोन्ही वेळी मी लाल बटणापाशी, बाहेर होते. साहेबांनी माझा दंड धरला आणि आम्ही दोघं जिना उतरलो. वॉकीटॉकीवर फिटरकाका ओरडत होते, "मॅडम, खोटा की खरा?"

"खरा. जुना माळा. तुम्ही मुखवटा काढू नका."

"नाही काढत. वर जातो. मुख्य व्हॉल्व्ह बंद केलाय."

आवारात माणसं बाहेर पडत होती. निवांत, गप्पा मारत, कुणी डबा हातात घेऊन. मला बघून एकजण म्हणाला, "काय मॅडम, तिसऱ्यांदा?" माझ्या तोंडून निघून गेलं, "या वेळी मी नाही!" त्याच्या मागचे हसले. मग वारा फिरला आणि यंत्रघराकडून तो वास आला, नाकात सुई घातल्यासारखा. हसणं जागच्या जागी थांबलं. माणसं पळायला लागली.

गेटच्या आत झाडाखाली मावशींनी चादर अंथरली होती. मी लांबूनच मोजली. दहा. परत मोजली. दहा. तेवढ्यात मावशी वळल्या. त्यांच्या दोन्ही खांद्यांवर एकेक होतं. उजवीकडची ढब्बू, लालबुंद, चिडलेली, तोंडात मावशींच्या साडीचा काठ.

"घ्या," मावशी म्हणाल्या. "झोपमोड केली म्हणून माझ्यावर रुसलीय. आता रात्री तुम्ही भोगा."

मी तिला घेतलं. नाक तिच्या मानेला लावलं. दूध आणि घाम, दुसरा कसलाही वास नाही.

पाऊण तासाने फिटरकाकांचा आवाज आला. नव्या जोडणीचा दाब उलटा जुन्या व्हॉल्व्हवर आला होता, तिथली गळती अडवणारी पॅकिंगची चकती गेली होती. बदलली. माळ्याची सगळी दारं उघडून पंखे लावले होते. "झडपेपाशी डोळ्यांत पाणी येत होतं मॅडम," ते म्हणाले. "मुखवट्यातून." आणि मग, "पोरं?"

"बाहेर आहेत काका. सगळी."

साहेब माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. शर्ट पाठीला चिकटला होता. समोर बघतच बोलले. "गळती पॅकिंगची. अहवालात तेवढं पुरे."

"आणि सूचक तासभर नव्हता ते?"

"ते कुणी विचारलंय?"

"मी मावशींना फोनवर सांगितलंय."

"ऐकलंय मी," मावशी चादरीवरून म्हणाल्या. त्यांचे कान फार तिखट. "कानाने ऐकलंय. बारा साक्षीदार आहेत, फक्त त्यांना अजून बोलता येत नाही."

साहेबांच्या चेहऱ्यावर हसू आलं की नाही ते मला दिसलं नाही. "लिहा मग तुम्हीच," ते म्हणाले. "तुमच्या अक्षरात. मी सही करीन." कागदाबद्दल, खणाबद्दल ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. उद्या कळेल.

चौकीत पहारेकऱ्याने पडदा आमच्याकडे वळवला होता. हिरवा दिवा लागलेला होता. साहेबांनी टाळी वाजवली. "चला, दिवा हिरवा आहे. आत चला सगळे."

कुणी हललं नाही. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. मग लक्षात आलं की पुढच्या रांगेतली माणसं साहेबांकडे बघतच नव्हती. डबेवाला, माल भरणाऱ्या बायका, ज्याने मघाशी टोमणा मारला तो, सगळे माझ्याकडे बघत होते.

"तो दिवा सकाळपासून हिरवाच आहे," मी म्हटलं. "भोंगा वाजत होता तेव्हाही होता. अजून तो दुसऱ्याचीच हजेरी लावतोय. त्याच्याकडे बघू नका."

"मग कशाकडे बघायचं?" कुणीतरी विचारलं.

मी ढब्बूला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि चौकीच्या काचेपाशी गेले. जुना माळा. अकरा. दहा. परत अकरा. माझ्या मागे पावणेदोनशे माणसं गप्प उभी होती. नऊ. ढब्बूचं डोकं खांद्यावर जड झालं, म्हणजे झोपली. सात. आठ. सहा.

"मॅडम, जायचं का?" फिटरकाकांनी वॉकीटॉकीवर विचारलं.

पाच. चार. चार. पाच.

"थांबा," मी म्हटलं. "अजून थोडं बघू दे."